दहा इंची जुन्या घाटाचा स्केटबोर्ड : आठ महिने वापरल्यानंतर

हा बोर्ड मी भिंतीवर टांगायला घेतला नव्हता, हे आधीच सांगते. १९८० च्या दशकातला घाट, आता नव्याने काढलेला डेक, म्हणजे पाय ठेवायची फळी. सात थरांचं मेपलचं लाकूड, दहा इंच रुंद, तीस इंच लांब. पुढचं नाक आखूड आणि जवळजवळ सपाट, मागची शेपटी रुंद आणि वर उचललेली. आठ महिने आठवड्यातून तीन-चार दिवस वापरला. कधी घरासमोरच्या रस्त्यावर, कधी इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या, लेक कनिंगहॅम स्केटपार्कमध्ये. तिथे मुळात जाते माझी लेक. तिचा बोर्ड आजचा, सव्वाआठ इंची, दोन्ही टोकं सारखीच. त्यामुळे तुलना रोजच होते.

डेक आजच्या साध्या डेकच्या जवळपास दीडपट किमतीला पडला. त्यात एक गोष्ट घेण्याआधी कोणी सांगितली नाही, म्हणून इथे लिहिते: भोकं. जुन्या डेकवर ट्रकच्या (फळीखालचा, चाकांचा आस धरणारा धातूचा भाग) स्क्रूची भोकं लांबीत अडीच इंचांवर असायची. नव्वदच्या सुरुवातीला ती सव्वादोन इंचांच्याही आत आली. माझ्या डेकला फक्त जुनी भोकं आहेत. लेकीचे जादा पडलेले ट्रक घेऊन बसले, तर स्क्रू आत जाईचनात. सहा भोकांची बेसप्लेट (ट्रकची डेकला टेकणारी पट्टी) असलेले ट्रक दोन्हीला चालतात, तेच मागा. रुंदीही बघा, दहा इंची फळीखाली अरुंद ट्रक लावले तर कडेवर पाय पडताच बोर्ड कलंडतो.

मी मात्र हौसेने एका गराज सेलमधून खरे जुने ट्रक उचलले. अ‍ॅल्युमिनियम घासून गुळगुळीत झालेलं, हँगरवर, म्हणजे ट्रकच्या आडव्या भागावर, कुणीतरी वर्षानुवर्षं काँक्रीटच्या कडा घासल्याच्या खुणा. दिसायला इतके सुंदर की सुटे भाग तपासायचं सुचलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात वळताना बोर्ड वळलाच नाही आणि मी कोपरावर आपटले. घरी येऊन किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मधल्या बोल्टचा, नट सोडवला तर आतलं बुशिंग (ट्रकला वळू देणारी, रबरासारख्या युरेथेनची कडी) पिवळं, शिंगासारखं टणक झालेलं. बोटाने दाबलं तशी त्याची कपची निघाली. युरेथेनला वय असतं. धातू चाळीस वर्षं टिकेल, बुशिंग आणि चाकं टिकत नाहीत. जुने ट्रक घ्या, पण बुशिंग आणि पिव्हट कप (हँगरचं टोक बसतं ती छोटी वाटी) नवे घाला. खर्च किरकोळ आहे. नवं बुशिंग घातल्यावर तोच ट्रक लोण्यासारखा वळायला लागला.

चाकांबद्दल थोडं सविस्तर, कारण माझं या खेळाशी नातं तिथूनच आहे. सांगलीत आमचा दादा बेअरिंगची गाडी करायचा. गॅरेजवाल्याकडून बाद बेअरिंग मागून आणायची, एक पुढे, दोन मागे, वर फळी ठोकायची, आणि मला ढकलायला लावायचं. डांबरावर तिचा खडखडाट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा. कॅलिफोर्नियातल्या पोरांनीही पन्नासच्या दशकात हेच केलं, फळीखाली रोलर स्केटची चाकं ठोकली. मग साठच्या दशकात भाजक्या मातीसारखी ठिसूळ क्ले चाकं आली. वाटेत खडा आला की चाक जागीच अडायचं आणि माणूस पुढे. सत्तरच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची कॅडिलॅक चाकं विकायला काढली, आणि खडा चाकाखालून निमूट जायला लागला. पण बेअरिंगच्या गोळ्या अजून सुट्याच असायच्या, चालता चालता गळायच्या. आतच बंदिस्त बेअरिंग बसवलेली रोड रायडर चाकं १९७५ च्या सुमारास आली. तीही इथून डोंगर ओलांडला की लागणाऱ्या सांताक्रूझच्या लोकांनी आणली. आमच्या गाडीला बेअरिंग होतं, चाक नव्हतं. यांच्याकडे चाक होतं, धड बेअरिंग नव्हतं. दादाला व्हिडिओ कॉलवर बोर्ड चालवून दाखवला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, आवाज कुठंय याचा?"

मी आधी ६० मि.मी.ची कडक, ९७ ए चाकं लावली होती (ए हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं चाक कडक). पार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर उत्तम, पण आमच्या रस्त्यावर दात वाजायचे. आता ७८ ए लावली आहेत. मऊ, भेगांवरून अलगद जातात. मोठं चाक वळताना डेकला घासून थांबू नये म्हणून ट्रक आणि डेकच्या मध्ये रायझर पॅड, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, मात्र घालाच.

आता चालवण्याचं. जमिनीवरचे खेळ या बोर्डवर जड जातात. पूर्ण बोर्ड पावणेचार किलोच्या आसपास भरतो, आणि नाक सपाट असल्याने ऑलीत, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारायच्या उडीत, पुढच्या पायाला धरायला काही मिळत नाही. लेकीला तिच्या बोर्डवर सहज जमणारी ऑली यावर निम्मीही उठत नाही. पण हा आकार त्यासाठी नाहीच. अ‍ॅलन गेलफँड या स्केटरने सत्तरच्या दशकाअखेरीस हात न लावता बोर्ड हवेत नेला तो पार्कच्या उतारावर. सपाट जमिनीवर ती उडी रॉडनी मलेनने नंतर आणली. मग दोन्ही टोकांवरून खेळ सुरू झाले, आणि बोर्डही दोन्हीकडून सारखा झाला. या फळीचा घाट त्याआधीचा, स्विमिंग पूल आणि लाकडी रॅम्पचा आहे. बोलमध्ये, म्हणजे पार्कमधल्या वाडग्यासारख्या खोलगट भागात, उतरलं की ते कळतं. पाय कुठेही पडला तरी खाली लाकूड असतं. वळण मोठं, सलग, घारीने घिरटी घालावी तसं.

डेकच्या खालच्या प्लास्टिकच्या रेल्स, म्हणजे कडेने लावलेल्या लांब पट्ट्या, मी आधी शोभेच्या समजत होते. हवेत बोर्ड पकडायला बोटांना तीच कड मिळते आणि खालचं चित्रही वाचतं. त्यांचे स्क्रू महिन्यातून एकदा आवळावे लागतात. ऐंशीच्या दशकातले फोटो बघा, हात सतत बोर्डाच्या कडेवर दिसतो. सॅन होजेचाच नावाजलेला स्केटर स्टीव्ह कॅबालेरो त्या काळातला. पार्कमध्ये साठीचे एक गृहस्थ येतात, त्यांनी माझा बोर्ड हातात घेतला, अंगठ्याने रेल चाचपली आणि काही न बोलता बोलमध्ये एक चक्कर मारून आले. परत देताना त्यांचे डोळे भरले होते. सत्तरचे बरेचसे काँक्रीटचे पार्क १९८० च्या आसपास बंद पडले, विम्याचा खर्च परवडेना. मग या पिढीने परसात स्वतः लाकडी रॅम्प ठोकले. त्यांच्यासाठी हा आकार म्हणजे ते दिवस.

तक्रार एकच, शेपटीची. ब्रेक लावताना ती रस्त्यावर घासते, आणि रुंद असल्याने मी तिच्यावर फारच विसंबले. आता टोक पात्यासारखं झालंय. स्केटर याला रेझर टेल म्हणतात. शेपटीचं प्लास्टिक कव्हर पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं. अजून दोनेक महिने निघतील. पुढचा डेकही दहा इंचीच घेणार आहे, ट्रक तेच राहतील.