एव्हीच्या ड्रॉइंगसाठी सॉफ्टवेअर घेताय? आधी एक कॅमेरा बदलून बघा

एव्हीच्या, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ यंत्रणांच्या, ड्रॉइंगसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय आमच्याकडे निघाला तो एका कॅमेऱ्यामुळे. बोर्डरूमचं काम होतं. ठरलेलं मॉडेल वेळेत मिळेना, म्हणून सेल्सवाल्यांनी कोटेशनमध्ये दुसरं घातलं, क्लायंटने सही केली आणि सगळे पुढच्या कामाला लागले. ड्रॉइंगमध्ये मात्र जुनाच कॅमेरा राहिला. जुन्याला साधा पीओई (नेटवर्क केबलमधूनच मिळणारी वीज) पुरत होता, म्हणजे नेटवर्क स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट. नव्याला पीओई प्लस हवा होता, म्हणजे ३० वॅट. स्विच आला तो ड्रॉइंग बघून. कॅमेरा चालू व्हायचा, चित्रही यायचं, पण जरा मान वळवली की बंद पडून पुन्हा सुरू. दोन दिवस आम्ही केबलला दोष देत बसलो.

तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर समोर आलं की मी एकच विचारतो: एक वस्तू बदलली तर किती ठिकाणी हात लावावा लागेल? तो एक कॅमेरा फ्लोअर प्लॅनवर असतो, लाइन डायग्राममध्ये (कोणतं यंत्र कशाला जोडलंय त्याचं चित्र) असतो, केबल शेड्यूलमध्ये (केबलची नंबरवार यादी), साहित्याच्या यादीत आणि कोटेशनमध्येही असतो. या पाच ठिकाणी पाच वेगळ्या फायली असतील, तर त्यातली एक कधी ना कधी मागे राहणारच. खालची तुलना या एका कसोटीवर केली आहे. कोणाचे बाण जास्त देखणे, हा मुद्दा मी जवळजवळ सोडूनच दिला आहे.

ऑटोकॅड आणि व्हिजिओ

बहुतेकांची सुरुवात इथेच होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ऑटोकॅड १९८२ पासून आहे आणि आर्किटेक्टकडून येणारी फाइल बहुतेक वेळा डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्याच प्रकारातली, असते. प्लॅन संदर्भ म्हणून जोडायचा, त्यावर आपली लेअर चढवायची. आर्किटेक्टने भिंत सरकवली की नुसती खालची फाइल बदलायची. मोजमापाच्या कामात याला तोड नाही. पण ऑटोकॅडसाठी रेघ म्हणजे रेघ. तुम्ही एचडीएमआयचं आउटपुट माइकच्या इनपुटला जोडलंत तरी ते शांतपणे काढून देईल. ब्लॉकमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या चिन्हात) ॲट्रिब्यूट, म्हणजे माहितीचे रकाने, भरून ठेवले तर त्यातून यादी काढता येते, पण ती शिस्त तुमची तुम्हाला लावावी लागते. एलटी ही स्वस्त, कमी सोयींची आवृत्ती घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. २०२४ च्या आवृत्तीपासून एलटीमध्ये ऑटोलिस्प (नेहमीची कामं आपोआप करून घेणारे छोटे प्रोग्राम लिहायची भाषा) चालतं, ही सोय मोठी आहे. पण बाहेरच्या कंपन्यांची प्लग-इन त्यात बसत नाहीत. उद्या एखादं एव्हीचं सॉफ्टवेअर ऑटोकॅडवर चढवायचं ठरलं, तर पूर्ण आवृत्तीच लागेल.

व्हिजिओचा स्वभाव वेगळा. लाइन डायग्राम त्यात भराभर निघतो, कनेक्टर डब्याला चिकटून राहतो, प्रत्येक आकाराला माहितीचे रकाने जोडता येतात आणि त्यांचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढता येतो. नवा माणूस आठवड्याभरात हात बसवतो. त्रास सुरू होतो तो ड्रॉइंग दाट झालं की. एक डबा सरकवला की दहा तारा आपापल्या मनाने नव्या वाटा धरतात, आणि संध्याकाळ त्यांना पुन्हा रांगेत उभं करण्यात जाते. मॅकवर त्याची डेस्कटॉप आवृत्ती नाही, आणि ब्राउझरमधल्या आवृत्तीत डेस्कटॉपवरचं सगळं मिळत नाही.

कॅमेऱ्याची परीक्षा? दोन्हीकडे नापास. बदल हातानेच करायचा आणि आठवणीनेच करायचा. तरीही एक-दोन माणसांच्या फर्मला मी हेच सुचवेन, कारण तिथे कोटेशन देणारा आणि ड्रॉइंग काढणारा माणूस एकच असतो.

डेटाबेस मध्यभागी ठेवणारे

डी-टूल्स सिस्टम इंटिग्रेटर हे यातलं जुनं नाव. इथे कॅमेरा ही प्रोजेक्टच्या डेटाबेसमधली नोंद असते. तीच कोटेशनमध्ये दिसते, तीच ड्रॉइंगमध्ये. ड्रॉइंग काढायला ते व्हिजिओ किंवा ऑटोकॅडच वापरतं, म्हणजे त्यांचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. हिशेब करताना हा खर्च हमखास विसरला जातो. शिवाय ते विंडोजवर बसवायचं, डेटाबेसचा सर्व्हर सांभाळायचा, बॅकअप घ्यायचे, हे सगळं आलं. त्याच कंपनीचं डी-टूल्स क्लाउड ब्राउझरमध्ये चालतं, पण ते वेगळं प्रॉडक्ट आहे. डेमो एकाचा बघून दुसरं विकत घेऊ नका.

स्टारड्रॉ हे मुळातच एव्हीवाल्यांसाठी आहे, आणि त्याची ताकद तयार चिन्हांच्या संग्रहात आहे. एक्स्टेन-एव्ही ब्राउझरमध्ये चालतं आणि साहित्याच्या यादीवरून ड्रॉइंग आपोआप काढून देण्यावर त्यांचा भर आहे. आपोआप निघालेला डायग्राम कच्चा खर्डा म्हणून चांगला असतो. पण प्रत्येक जोडणी माणसाने बोट ठेवून तपासल्याशिवाय तो साइटवर पाठवू नये. जेटबिल्टचा रोख मात्र प्रपोजल आणि प्रोजेक्टच्या हिशेबावर आहे. महिन्याला वीस प्रपोजलं जाणाऱ्या फर्मला ते सोयीचं, पण ड्रॉइंगचं काम दुसऱ्या कशात तरी करावं लागणार हे धरून चाला.

कॅमेऱ्याच्या परीक्षेत हा गट सर्वांत पुढे आहे, पण नोंद बदलली तरी तिच्यात वॅटचा आकडाच नसेल, तर स्विच चुकायचा तो चुकतोच.

लायब्ररी: खरा खर्च इथे आहे

डेमोमध्ये लाखो वस्तूंची लायब्ररी दाखवतात. तुम्ही नेहमी वापरता त्या तीस-चाळीस वस्तू काढा आणि त्यांच्या नोंदी डेटाशीटशेजारी ठेवून वाचा. पोर्टची नावं यंत्राच्या पाठीवर छापल्याप्रमाणे आहेत का? रॅकमधली (यंत्रं एकावर एक बसवायच्या कपाटातली) उंची बरोबर आहे का? (ती यूमध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, अर्ध्या यूची यंत्रं इथेच फसवतात.) पीओईचा वर्ग भरलाय का, की रकाना रिकामा आहे?

ॲम्प्लिफायर तर आवर्जून उघडून बघा. एका नोंदीत मला विजेच्या वापराच्या रकान्यात स्पीकरला मिळणारे वॅट भरलेले दिसले होते. सॉफ्टवेअरने ते इमानदारीत बेरजेत घेतले, १ वॅटला ताशी ३.४१२ बीटीयू (उष्णतेचं एकक) या दराने उष्णताही काढली, आणि त्या रॅकसाठी एसीचा आकडा असा आला की एसीवाल्याने फोन करून विचारलं, आत नक्की काय ठेवताय? गणित बरोबर होतं, रकाना चुकला होता.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, लायब्ररीचा एक मालक नेमा. नवी वस्तू त्याच्या हाताखालूनच आत जायला हवी. दहा जणांनी दहा प्रकारे भरलेल्या लायब्ररीपेक्षा एकाने नीट राखलेली व्हिजिओची स्टेन्सिल (चिन्हांचा संच) कधीही बरी.

व्हेक्टरवर्क्स आणि रेव्हिट

प्रेक्षागृह, स्टेज, स्टुडिओ अशी कामं असतील तर व्हेक्टरवर्क्स स्पॉटलाइट आणि त्यासोबत कनेक्टकॅड बघाच. इथे तार ही नुसती रेघ नसते. प्रत्येक सॉकेटला आपला सिग्नल आणि कनेक्टर ठाऊक असतो, त्यामुळे चुकीची जोडणी कागदावरच उघडी पडते. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालतं. शिकायला वेळ लागतो, आणि कोटेशनची बाजू तुम्हाला वेगळी बांधावी लागते.

रेव्हिट, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, तुम्ही निवडत नाही. ते प्रोजेक्टबरोबर गळ्यात येतं. कन्सल्टंटने इमारतीचं मॉडेल मागितलं की डिस्प्ले, स्पीकर आणि रॅक त्यात बसवून द्यावे लागतात. सिग्नलच्या डायग्रामसाठी ते माझ्या मते चुकीचं हत्यार आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये सगळे कोणती आवृत्ती वापरणार ते लिहून घ्या.

ईझचं नावही या चर्चेत येतं, पण ते ध्वनीच्या गणितासाठी आहे. केबल शेड्यूल त्याच्याकडे मागू नये.

ट्रायलमध्ये काय करायचं

विक्रेत्याचं नमुना-प्रोजेक्ट बाजूला ठेवा. तुमचं एखादं झालेलं, मध्येच तीनदा बदललेलं, कुरूप काम घ्या आणि ते पहिल्यापासून आत भरा. मग एक कॅमेरा बदला आणि वर सांगितलेल्या पाचही ठिकाणी काय झालं ते बघा.

त्यानंतर शेड्यूलमधली मधली एक केबल काढून टाका. समजा ४२ नंबरची. आता ४३ ची ४२ झाली का? झाली असेल, तर तिथेच थांबा. केबल ओढून झालेल्या असतात, दोन्ही टोकांना लेबलं लागलेली असतात, छताच्या वर कोणी पुन्हा चढणार नसतं. आणि ऑफिसमधल्या एका क्लिकने पुढची सगळी लेबलं खोटी ठरतात. केबलच्या लेबलांसाठी अविक्सा या एव्ही उद्योगाच्या संघटनेचं एफ ५०१.०१:२०१५ हे मानक आहे. ते पाळायचं ठरवलंत तरी दिलेला नंबर जागचा हलू न देणं ही सॉफ्टवेअरचीच जबाबदारी आहे. रद्द केबलचा नंबर रिकामा राहिला तर राहू दे.

बाहेर पडायची वाटही आत्ताच तपासा. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमचे परवाने विकणं बंद केलं, आणि आता जवळपास सगळंच भाड्याने आहे. भाडं थांबवल्यावर हातात काय उरतं? ड्रॉइंग डीडब्ल्यूजीमध्ये आणि याद्या एक्सेलमध्ये काढून बघा, आणि काढलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका. पाच वर्षांनी तोच क्लायंट प्रोजेक्टर काढून एलईडी वॉल मागेल, तेव्हा पीडीएफमधली रेघ पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते.

आम्ही काय केलं

तीन माणसं होतो तोवर व्हिजिओ आणि एक्सेलवर भागलं. सेल्स आणि डिझाइन वेगळ्या टेबलांवर गेले, त्याच वर्षी तो कॅमेऱ्याचा घोळ झाला, आणि आम्ही डेटाबेसवाल्या गटात गेलो. प्लॅन अजूनही ऑटोकॅडमध्येच काढतो. लायब्ररी भरायला विक्रेत्याने सांगितल्याच्या तिप्पट वेळ लागला. पहिले चार महिने सगळे कुरकुरत होते, त्यात मीही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने सोडवली नाही. साइटवरचा तंत्रज्ञ छापील ड्रॉइंगवर लाल पेनाने बदल लिहितो, कागदाची घडी करून खिशात ठेवतो, आणि तो कागद दुसऱ्या साइटवर निघून जातो. आता त्याने रॅकचं दार बंद करण्याआधी त्या कागदाचा फोटो पाठवायचा, आणि ॲज-बिल्टमध्ये (प्रत्यक्ष बसवलं तसं दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये) ते बदल चढल्याशिवाय शेवटचं बिल काढायचं नाही, असं ठरवलंय. हिशेबाच्या बाई या नियमावर माझ्यापेक्षा कडक आहेत.