‘कोसला’ वाचताना पेन्सिल जवळ ठेवा

‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी अशी सुरू होते. यातलं ‘उदाहरणार्थ’ खोडून पाहा, शाळेतल्या निबंधाची ओळ उरते. ठेवलं, तर वयासारखी पक्की गोष्टसुद्धा डळमळते. पंचवीस हा दाखला असेल, तर मूळ मुद्दा कुठला? लगेच पुढे हा गडी म्हणतो की सांगण्यासारखं एवढंच, आणि अख्खी कादंबरी सांगत बसतो.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ही पांडुरंगची लकब आहे, असं म्हणून बरेच जण पुढे सरकतात. तिथेच वाचन फसतं. ‘उदाहरणार्थ’ हा मास्तरांचा, व्याकरणाच्या पुस्तकातला शब्द. ‘वगैरे’ घरच्या बोलण्यातला, बाजाराची यादी आटोपती घेणारा. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला कॉलेजात आलेला हा मुलगा शिक्षणालाही नावं ठेवतो आणि वडिलांच्या पैशाअडक्याच्या व्यवहारालाही. पण बोलताना दोन्ही घरचे शब्द तोंडात. बापाचा पैसा उडवतो तो, आणि खर्चाच्या हिशोबाने अस्वस्थ होतो तोही तोच.

म्हणून पेन्सिल. प्रत्येक ‘वगैरे’खाली रेघ मारा आणि त्याच्या आधीचा शब्द पाहा. किरकोळ वस्तूंच्या मागे आलेला सोडून द्या. पण अभ्यास, मैत्री, घर, भीती असल्या जड शब्दाच्या शेपटीला तो लागला, की थांबा. तिथे पांडुरंग काहीतरी झाकतो आहे. पंचवीस-तीस पानांत नजर तयार होते, मग रेघा मारायचीही गरज राहत नाही.

कसोटीची जागा म्हणजे धाकट्या बहिणीचा, मनूचा मृत्यू. ती पानं मोठ्याने वाचा. सगळ्याची टर उडवणारा माणूस इथे एका लहान पोरीबरोबर संपलेल्या पुढच्या पिढ्यांचा विचार करतो. आपल्याला कशाचंच काही वाटत नाही, हा त्याचा आव या पानांपुढे टिकत नाही. ही पानं वाचून झाली, की सुरुवातीची थट्टा परत चाळा, ती वेगळी ऐकू येते.

तक्रारीही आहेत. हॉस्टेलचा भाग लांबतो. रोजनिशीच्या तुटक नोंदींपाशी बरेच वाचक पुस्तक मिटतात. एका बैठकीत उरकायला गेलात तर हमखास. रोज थोड्या नोंदी घेतल्या, तर दिवस नुसते जात असल्याचा कंटाळा नीट अंगावर येतो, आणि तोच हवा आहे. मनू आणि आई सोडल्या तर बायकांबद्दलचं निवेदन उथळ वाटतं. ते पांडुरंगचं अपुरेपण की कादंबरीचं, याचा निकाल मला तरी कादंबरीच्या बाजूने देता येत नाही. आणि निवेदकाची शेरेबाजी लेखकाचं मत म्हणून उचलू नका. बढाई आणि कबुली तो एकाच सुरात करतो, त्यामुळे हा घोळ फार होतो.

सुधाकर मराठे यांचं ‘ककून’ हे इंग्रजी भाषांतर आहे. मराठी येत असेल तर मूळच घ्या. ‘वगैरे’ आपण चहा मागतानाही म्हणतो. इंग्रजीत त्याच्या जागी कुठलाही शब्द बसवला तरी तो जरा टाय लावून आल्यासारखा दिसतो.