तुळशीबागेतली पितळी भातुकली, आठ महिने वापरून झाल्यावर

"मुलगी केवढी आहे तुमची?"

तुळशीबागेत भातुकलीच्या पाच गाळ्यांवर फिरलो आणि पाचही ठिकाणी पहिला प्रश्न हाच. चार ठिकाणी मी "मुलगा आहे, पाच वर्षांचा" असं सांगितलं. त्यावर दोघांनी मला प्लॅस्टिकच्या गाड्या दाखवल्या, एकानं "मग बहिणीसाठी घेताय का?" म्हणून विचारलं आणि एकजण नुसताच हसला. पाचव्या गाळ्यावर मी तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला, "मुलगी नाही, मी आहे."

काउंटरमागच्या मावशींनी वाकून खाली बघितलं. "अगं बाई! तू होय! असू दे, असू दे. भीमानं नाही का वर्षभर विराटाघरी स्वयंपाक केला?" असं म्हणत त्यांनी पितळी बंबाचं झाकण काढून धाकट्याच्या हातात दिलं. घासाघीस करायचं ठरवून गेलो होतो, पण तिथेच निम्मा हरलो.

आधीच सांगतो, मी भोसरी एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे. चौदा वर्षं लोकांच्या मालातल्या चुका काढायचा पगार घेतो. त्यामुळे खेळण्याचा रिव्ह्यूही त्याच चालीनं होणार. बायकोच्या मते मी वाढदिवसाच्या केककडेसुद्धा रिजेक्शनच्या नजरेनं बघतो.

तुळशीबागेत जायच्या आधी आम्ही एका मॉलमधल्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानात गेलो होतो. नाव घेत नाही, कारण अशी सगळीच दुकानं सारखी. दारातच टी-शर्टवाल्या पोरानं विचारलं, "सर, बॉय का गर्ल?" डावीकडे गुलाबी गल्ली, उजवीकडे निळी. किचन सेट अर्थातच गुलाबी गल्लीत. खोक्यावर तीन मुलींचा फोटो, तिघींच्या अंगात एप्रन. धाकटा खोक्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, यात मुलगे नाहीत. मग मला देतील का?"

त्याला वाटलं परवानगी लागते. खोक्यावर फोटो असलेल्यांनाच ते मिळतं, असा त्याचा हिशोब. पाच वर्षांच्या पोराच्या मानानं बरोबरच होता म्हणा.

मी तोवर शेजारच्या मांडणीतल्या पायानं ढकलायच्या दोन स्कूटर उलट्या करून बघत होतो. सवय. निळी १,२९९ रुपयांना, गुलाबी १,४९९ ला. दोन्हींच्या पोटाला मोल्डमधून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा एकाच जागी, प्लॅस्टिक आत शिरतं तिथला गेटचा ठिपका एकाच जागी, आणि कॅव्हिटी नंबरही एकच, दोन. म्हणजे एकाच डायच्या एकाच पोकळीतून निघालेली ही सख्खी भावंडं. रंगासाठी दाण्यात मास्टरबॅच घालतात ती बदलली, एवढाच फरक. शंभर किलो दाण्याला ती साधारण दोन-तीन किलो लागते. वर गुलाबीला फुलपाखरांचे सहा स्टिकर आणि हँडलला झिरमिळ्या. त्याचे दोनशे रुपये. आमच्या कंपनीत असं कोटेशन दिलं तर परचेसवाला चहासुद्धा विचारणार नाही.

बरं, पैसे फक्त त्या दोनशेतच आहेत असं समजू नका. खरा धंदा पुढे आहे, आणि तो मला माझ्याच घरात कळला. थोरलीसाठी चार वर्षांपूर्वी सायकल घेतली ती गुलाबी, पुढे बास्केट लावलेली. ती नऊ वर्षांची झाली, सायकल लहान पडायला लागली, म्हणून धाकट्याला दिली. एक दिवस चालवली त्यानं. सोसायटीतल्या पोरांनी "ताईची सायकल, ताईची सायकल" केलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती पार्किंगमध्ये धूळ खात पडली. आमच्या लहानपणी माझ्या मोठ्या भावाची काळी सायकल मी चालवली, माझ्यानंतर आतेबहिणीनं चालवली, मग ती गावाला गेली. एका सायकलीत तीन पोरं निघाली. आता घरात एक मुलगी आणि एक मुलगा असला की सगळं दोनदा घ्यायचं. शेवटी मी हिरव्या स्प्रेचे दोन कॅन आणले, बास्केट काढली आणि रविवारची दुपार घालवली. आता ती "बेडूक सायकल" आहे आणि ज्यांनी चिडवलं तीच पोरं चक्कर मागतात.

तर त्या दुकानातून काहीही न घेता बाहेर पडलो. धाकट्याला भातुकलीच हवी होती, कारण आजीच्या तोंडून तो शब्द त्यानं ऐकला होता. मग पुढच्या रविवारी मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरलो. हे स्टेशन झाल्यापासून तुळशीबागेचं निम्मं दुखणं गेलंय. आधी पार्किंग शोधण्यातच मुलांचा उत्साह संपायचा. तिथून चालत राममंदिराचा कळस दिसेपर्यंत यायचं आणि मग गर्दी नेईल तिकडे जायचं.

मावशींच्या गाळ्यावर स्टील, पितळ, लाकूड आणि प्लॅस्टिक असं सगळं होतं. पितळेचं वजनावर नाही, नगावर मिळतं. आम्ही घेतलेले नग चौदा: बंब, घंगाळ, कळशी, तांब्या, परात, कढई, झारा, उलथनं, पोळपाट-लाटणं (हा एकच नग धरला), खलबत्ता, जातं, शेगडी, किसणी आणि अडकित्ता. २,८५० सांगितले, २,६०० ला दिले. मॉलमधल्या त्या तीन एप्रनवाल्यांच्या सेटपेक्षा सहाशे रुपये जास्त. सगळ्याचं मिळून वजन भरलं एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. घरी आल्यावर व्हर्नियर काढला. बंबाची उंची ९६ मिलिमीटर, आणि मधली नळी खरोखरची आरपार! खाली निखारा ठेवायची जाळीसुद्धा आहे. ज्यानं हा केला त्याला बंब कसा चालतो हे ठाऊक होतं. मॉलमधल्या सेटमधला नळ म्हणजे नळाच्या आकाराचा एक ठोकळा होता, त्यातून काहीच कुठे जात नव्हतं.

पोरांना हा फरक लगेच कळतो. पहिल्या दिवशी बंबात पाणी भरून तोटीतून काढायचा खेळ दीड तास चालला. स्वयंपाक दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

आता खोड्या. किसणीची भोकं पंच मारून केलेली आहेत आणि मागून बर, म्हणजे भोकाच्या काठाला उरलेली धातूची धारदार कड, काढलेली नाही. बोट फिरवलं तर ओरखडा येतो. बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन वीस मिनिटांत साफ केली, पण हे विकणाऱ्यानं करायला हवं. अडकित्ता खरोखर कापतो. सुपारी नाही, पण बोटाची कातडी नक्की. तो मी दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवर टाकला आणि मोठा होईपर्यंत तिथेच राहील. जात्याचा खुंटा महिनाभरात ढिला झाला, त्याला फेविकॉल आणि लाकडाची कपची लावली. खलबत्त्याचा दस्ता मात्र एक नंबर, त्यानं आतापर्यंत शेंगदाणे, खडीसाखर आणि एक क्रेयॉन कुटून झालाय.

लहान बाळ असलेल्यांनी नीट ऐका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी असते. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक खोलीच्या नळकांड्यात जो तुकडा अख्खा मावतो, तो घशात अडकू शकतो म्हणून बाद. मी कंपनीत नायलॉनच्या रॉडला तेवढं बोअर मारून घेतलं. माझा भाचा दीड वर्षाचा आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. चौदातले तांब्या, लाटणं आणि बंबाचं झाकण हे तीन नग त्या नळकांड्यात गडप झाले. भाचा आला की ते तीन नग डब्यात बंद. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे, नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. मावशींना शिक्क्याचं विचारलं तर म्हणाल्या, "दादा, हे शोकेसमध्ये ठेवायचं असतं, खेळायचं नसतं." आणि हे म्हणत असताना धाकटा त्यांच्याच परातीत लाह्या मळत होता. त्यांनीच दिलेल्या.

आणखी एक. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही ठेवायचं नाही. धाकट्यानं एकदा कळशीत ताक भरलं आणि विसरला. संध्याकाळी माझ्या आईनं वास घेऊनच सांगितलं, "ओत ते, कळकलंय." मी त्याला मिश्रधातू, शिसं वगैरे समजावणार होतो. कळकलं या एका शब्दात काम झालं. आता तो ताक दिसलं की "स्टीलमध्ये!" म्हणून ओरडतो. घासायला चिंच आणि थोडं मीठ. ते काम दर पंधरा दिवसांनी, आणि ते त्याचंच. पहिल्या वेळी रडारड झाली, आता भांडं चकचकीत झालं की त्यात तोंड बघत बसतो.

घरच्यांचं काय, असं विचाराल. काकांनी वाढदिवसाला येऊन बघितलं आणि म्हणाले, "अरे, याला बॅट-बॉल तरी घे." बॅट-बॉल आहेच की. त्याच दिवशी आलेल्या मुलांना बायकोनं परतभेट म्हणून सगळ्यांना सारख्याच रंगाच्या मातीच्या कुंड्या आणि मेथीचे दाणे दिले. तेव्हा एका आईनं बाजूला घेऊन विचारलं, "मुलांचं वेगळं नाही का?" मेथी सगळ्यांच्या घरी उगवली, एवढं सांगतो.

मला धास्ती होती ती आईची. ती पंचाहत्तरीची, जुन्या वळणाची. ती परात हातात घेऊन म्हणाली, "आमच्या भातुकलीत मुलगे असायचेच की." मी खूश झालो. मग ती म्हणाली, "पण ते नुसते जेवायला यायचे." आणि पुढे, "माझे दोन्ही भाऊ पाटावर बसून हुकूम सोडायचे. मी खोटा भात वाढायची, मग पुढे पन्नास वर्षं खरा वाढला." हसत म्हणाली, पण परात तिनं बराच वेळ खाली ठेवली नाही.

थोरलीला या सगळ्यात ग्राहकाची भूमिका आहे. धाकट्याचं "मिसळ हाउस" आहे आणि ती तिथे वहीच्या कागदावर ऑर्डर लिहून देते, बिलावर जीएसटी लावते आणि तर्री कमी आहे म्हणून तक्रार करते. तिचं स्वतःचं आवडतं खेळणं वेगळंच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं जी टाकाऊतून खेळणी करून दाखवली, त्यातलं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचं मेकॅनो. वीस रुपयांत अख्खा रविवार. त्रिकोण दाबून हलत नाही आणि चौकोन लगेच कलंडतो, हे तिनं त्यात शोधलं आणि मला येऊन शिकवलं. त्याच्या खोक्यावर मुलगा की मुलगी असा प्रश्न येत नाही, कारण खोकंच नाही.

माझी चुलत बहीण कॅलिफोर्नियात असते. तिकडे २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलामुलींचा एक सामायिक विभाग ठेवावाच लागतो, कायद्यानं. फोनवर तिनं सांगितलं तेव्हा मला त्या बॉय-का-गर्लवाल्या पोराची आठवण झाली. त्याचा दोष नाही, त्याला तसंच विचारायला शिकवलंय. पण आपल्याकडे तर बालभारतीनं २०१९ मध्येच दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र छापलं. थोरलीच्या पुस्तकात ते होतं. पुस्तक दुसरीतल्या पोरांच्या हातात गेलं आणि दुकानं अजून बालवाडीतच आहेत.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो किसणीच्या बरसाठी आणि अडकित्त्यासाठी. मावशींच्या गाळ्याला मात्र पूर्ण. दुपारी दोनच्या सुमारास जा, गर्दी जरा कमी असते. नग एकेक हातात घेऊन कडांवरून अंगठा फिरवा, झाकण बसतं का बघा, आणि बंबात पाणी ओतून तोटी गळते का ते तिथेच तपासा. मावशी रागावत नाहीत, तांब्याभर पाणी स्वतःच देतात.

दिवाळीच्या आधी पुन्हा जायचंय. धाकट्याला चकलीचा सोऱ्या हवाय आणि तो त्या दिवशी संपला होता. मावशींनी वहीत लिहून घेतलं होतं. नाव विचारलं नाही, लिहिलं फक्त "भीम, सोऱ्या एक".