वॉर्म ग्रे घ्यायचा, पण तिघांपैकी कोणता?

भिंतीसाठी वॉर्म ग्रे, म्हणजे उबदार राखाडी, म्हणून दुकानात जे मिळतं त्यात तीन वेगळ्या जातीचे रंग असतात, आणि शेड कार्डावरच्या दोन बोटं रुंद चौकोनात ते तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. पेंटर सामान आवरून गेला, रात्री ट्यूब लागली, की मग कळतं हॉल जांभळट झालाय. मराठवाड्यात हे जास्त घडतं, कारण आपल्याकडचं ऊन, फरशी आणि ट्यूब या तिन्ही गोष्टी राखाडीला सहज बदलून टाकतात.

आधी हा रंग बनतो कसा ते बघा. पांढऱ्या बेसमध्ये काळा टिंटर (मिसळायचा दाट रंग) पडला की तयार होणारा राखाडी मुळात निळसर असतो. त्याला ऊब आणायची तर पिवळा किंवा तांबडा ऑक्साइड घालावा लागतो. पिवळा जास्त पडला तर काळ्याशी मिळून रंग शेवाळी, हिरवट होतो. तांबडा जास्त पडला तर गुलाबी-जांभळटाकडे जातो. दोन्ही बेताने पडले की बेजकडे झुकलेला राखाडी मिळतो; त्यालाच हल्ली ग्रेज म्हणतात. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशिनीच्या स्क्रीनवर कोणता टिंटर किती पडणार ते दिसत असतं. दुकानदाराला ते वाचून दाखवायला सांगा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. कार्डावरून ओळखायचं असेल तर त्याच पट्टीतला सगळ्यात गडद चौकोन बघा. फिकट शेडमध्ये लपलेली छटा तिथे उघडी पडते.

पहिला निकष फरशी

भिंत पाच-सात वर्षांनी पुन्हा रंगवता येते, फरशी बदलत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

नव्या फ्लॅटमध्ये आणि रो-हाउसमध्ये बहुतेक ठिकाणी पिवळसर आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल असते. तिच्यावर बेजकडचा राखाडी निमूट बसतो. गुलाबीकडचा घेतलात तर फरशी आहे त्याहून पिवळी, जुनाट वाटायला लागते.

लातूर, नांदेड, परभणीकडच्या जुन्या घरांत शहाबादी असते. कर्नाटकातल्या शहाबादहून येणारा हा चुनखडीचा दगड निळसर राखाडी असतो. इथे बहुतेकांचा पहिला विचार असतो, फरशी राखाडीच आहे, मग भिंतही त्याच्या जवळची घेऊ. तसं करू नका, खोली पावसाळ्यातल्या दुपारसारखी उदास होते. शहाबादीवर मला गुलाबीकडचा, म्हणजे टोपकडे (taupe, तांबूस-तपकिरी झाक असलेला राखाडी) जाणारा राखाडी सगळ्यात आवडतो. दगडाचा निळेपणा आणि भिंतीतली तांबूस झाक एकमेकींना सावरून घेतात.

फरशी कोटा दगडाची असेल तर उलटं. कोट्यात हिरवी झाक असते, आणि हिरव्याशेजारी गुलाबी छटा दुप्पट उठून दिसते. तिथे टोप टाळा. हिरवटाकडचा राखाडी, जो एरवी मी सहसा सुचवत नाही, तो कोट्यावर खरोखर शोभतो.

सागवानी दारं-चौकटी असतील तर एक चाचणी नक्की करा. पॉलिश केलेल्या सागाचा रंग नारिंगीकडे जातो, आणि नारिंगीच्या शेजारी कुठलाही राखाडी आहे त्यापेक्षा निळा दिसतो. नमुन्याचा तुकडा चौकटीला चिकटवून धरा, मग वीतभर लांब न्या. फरक डोळ्यांदेखत दिसेल. साग भरपूर असलेल्या घरात बेजकडचा राखाडीच ऊब धरून ठेवतो.

ट्यूब आणि खिडकी

आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब असते. हा उजेड निळसर असतो. त्यात टोप जांभळा होतो, हिरवट राखाडी आजारी दिसतो, आणि बेजकडचा मात्र साधा, स्वच्छ राखाडी होऊन बसतो. ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात चित्र पालटतं : टोप सुंदर दिसतो, आणि बेजकडचा राखाडी राहतच नाही, चहा सांडल्यासारखा क्रीम होतो. मला विचाराल तर रंगाआधी ट्यूब बदला आणि ४००० केल्विनची घ्या. रंगकामाच्या खर्चापुढे तिची किंमत काहीच नाही, आणि तिन्ही जाती तिच्यात बऱ्यापैकी खऱ्या दिसतात.

दिशेचं म्हणाल, तर वेरूळला जाऊन आलेल्यांना सांगायची गरज नाही. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सावलीत तोच बेसाल्ट निळसर काळा असतो, उन्हं कलली की तपकिरी होतो. तुमच्या पश्चिमेच्या हॉलमध्ये रोज हेच होणार आहे. तिथे बेजकडचा राखाडी संध्याकाळी पार पिवळा पडतो, म्हणून थोडा कमी उबदार, अगदी हलकी तांबूस झाक असलेला घ्या. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन जवळपास येतच नाही, उजेड थंड असतो. तिथे बेजकडचा निर्धास्त घ्या. पूर्वेला तिन्ही चालतात.

शिवाय कूलर. मार्च ते जून आपली एक खिडकी कूलरने अडवलेली असते आणि उरलेल्यांवर दुपारभर पडदे. म्हणजे वर्षाचे चार महिने खोलीत निम्माच उजेड. म्हणून एलआरव्ही बघा. भिंत किती उजेड परत फेकते त्याचा हा ० ते १०० मधला आकडा कंपन्या बहुतेक शेडसाठी देतात. कूलरच्या खोलीत ६० च्या खाली जाऊ नका. ५० च्या आसपासचा राखाडी इंटरनेटवरच्या फोटोत देखणा दिसतो, पण ते फोटो भिंतभर काचा असलेल्या घरांचे असतात.

त्याच खिडकीखाली वाकून एकदा बघा. बोअरच्या जड पाण्याचे तुषार भिंतीवर सुकून पांढरे ओघळ उमटलेले असतात, आणि प्लास्टर ओलं राहत असेल तर लोणा लागून पुट्टी फुगलेली असते. पांढऱ्या भिंतीवर हे लपून जायचं, राखाडीवर लपत नाही. तेवढा पट्टा खरवडून, पूर्ण वाळवून, मग प्राइमर मारून घ्या आणि तिथे धुता येईल असं, हलकी चकाकी असलेलं सॉफ्ट शीन इमल्शन वापरा. बाकी भिंतींना मॅटच बरं, कारण चकाकीत पुट्टीचे उंचवटे तिरक्या उजेडात दिसतात. काळ्या मातीवरच्या घरांना पावसाळा-उन्हाळ्यात माती फुगून-आक्रसून केसासारख्या भेगा पडतात. मॅटमध्ये त्या भरून पुन्हा हात मारला तर ठिगळ कमी जाणवतं. ऑइल बाउंड डिस्टेंपर स्वस्त पडतं खरं, पण त्यात हे नाजूक राखाडी खडूसारखे कोरडे दिसतात. पैसे कमी असतील तर एकच खोली इमल्शनने करा.

सीलिंग निळसर पांढरं ठेवू नका. त्याच्याखाली उबदार राखाडी मळल्यासारखा वाटतो. ऑफ-व्हाइट पुरे.

आता निवड. फरशी आयव्हरी आणि ट्यूब पांढरी, असं नेहमीचं घर असेल तर बेजकडचा घ्या. शहाबादी असेल आणि दिवे बदलायची तयारी असेल तर टोप. हिरवटाकडचा फक्त कोट्यावर, आणि तोही खिडकीबाहेर दाट कडुलिंब नसेल तरच, कारण पानांवरून येणारा उजेड त्याला आणखी हिरवा करतो.

दोन शेड पक्क्या झाल्या की लहान डबे आणून जाड ड्रॉइंग शीटवर दोन हात मारा. थेट जुन्या भिंतीवर नको, तिथला पिवळा किंवा पोपटी डिस्टेंपर डोळ्याला फसवतो. वाळू द्या, ओल्यापेक्षा इमल्शन वाळल्यावर सहसा गडद होतं. शीट भिंतीला उभी टेकवून सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री ट्यूबखाली बघा, आणि ज्या भिंतीसमोर तुम्ही बसता तिथे बघा.

१० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली असेल तर दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३९० चौरस फूट भिंत उरते. दोन हातांना चारेक लिटर लागेल. सगळा रंग एकदम, एकाच मशिनीवरून काढून घ्या. मागून काढलेल्या लिटरमध्ये राखाडीचा फरक पटकन कळतो. उरलेला अर्धा लिटर झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा आणि शेडचा कोड झाकणावर मार्करने लिहून टाका, म्हणजे उन्हाळ्यानंतर कूलर काढला की खालचा पट्टा त्याच रंगाने दुरुस्त करता येईल.