४००४ की टीएमएस १०००?

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुन्या बोर्डांच्या ढिगात हात घातला की आमच्यात हा वाद हमखास निघतो. दोन्ही चिपा म्हणजे यंत्राचे मेंदू, ४ बिटांच्याच, म्हणजे एका वेळी चार ०-१ हाताळणाऱ्या. इंटेल ४००४ आली १९७१ साली, बिझिकॉमच्या कॅल्क्युलेटरसाठी घडवलेली. १६ पिना, सुमारे २३०० ट्रान्झिस्टर. मान मोठा, पण एकटीच्यानं संसार होत नाही: प्रोग्रामला ४००१, आकडे ठेवायला ४००२, अशी वरात सोबत लागते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० बाजारात आली १९७४ला. प्रोग्रामला १ किलोबाइट रॉम, आकडे ठेवायला ६४ निबल (निबल म्हणजे ४ बिट) रॅम, सगळं पोटातच. चार रंगीत दिव्यांचा 'सायमन' हा खेळ तिच्यावरच चालायचा. मेख एवढीच, की प्रोग्राम कारखान्यातच कोरायचा. चुकला तर अख्खा लॉट भंगारात! तरी खेळणी, टायमर असल्या स्वस्त, ठरीव कामाला मी तीच घेईन. ४००४ काचेच्या कपाटात शोभते.