सदरची भट्टीवाली बेकरी: स्टफिंगसाठी ब्रेड एक नंबर, वेळेचं मात्र काही खरं नाई

आधीच सांगून देतो, बेकरीचं नाव मला पण माहीत नाई. पाटी आहे, पण उन्हानं तिच्यावरचा रंग केव्हाच उडाला आणि त्यांनी परत रंगवली नाई, सगळे भट्टीवाली बेकरीच म्हणतात. नागपूरच्या सदर भागात आतल्या गल्लीत आहे, बाहेर टोस्टचे डबे रचलेले दिसले की समजा पोचले.

आता मला तिथं अख्खा ब्रेड काऊन लागला ते सांगतो. लहान भाऊ अमेरिकेत असतो, त्याची बायको तिकडचीच. दोघं डिसेंबरमध्ये महिनाभर नागपूरला आले होते आणि पोरगी थोडी हिरमुसली होती कारण तिचं थँक्सगिव्हिंग नेमकं तिकीट आणि पॅकिंगच्या धावपळीत गेलं. तिकडे तो सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, 1941 पासून कायद्यानंच ठरलेलं आहे. मी म्हटलं इथं करू ना, त्यात काय. तर आई म्हणाली गुरुवार? 2025 मधला तो गुरुवार म्हणजे 27 नोव्हेंबर, एक तर तो गेलाच होता, वर मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार निघाला. बरं मग ख्रिसमसला करू म्हटलं, तर 25 डिसेंबर पण गुरुवारच. मार्गशीर्ष तेव्हा संपला होता पण आमच्याकडे गजानन महाराजांचा वार, घरात अंडंही फुटत नाई. शेवटी 28 तारखेचा रविवार ठरला.

त्या सणाला टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात, तो आणायच्या भानगडीत आम्ही पडलोच नाई, कोंबडी आणली. पण वहिनीचं (आहे माझ्यापेक्षा 12 वर्षं लहान, तरी मी वहिनीच म्हणतो) म्हणणं असं की पक्षी कोणताही चालेल, स्टफिंग पाहिजे. स्टफिंग म्हणजे ब्रेडचे वाळवलेले तुकडे, त्यात बटरमध्ये परतलेला कांदा आणि सेलरी, सेज आणि थाइम नावाचे वाळलेले पाले, अंडी आणि चिकनचा स्टॉक (म्हणजे चिकन उकळून गाळलेलं पाणी), हे सगळं कालवून ओव्हनमध्ये. मूळ पद्धत पक्ष्याच्या पोटात भरायची, पण मग कच्च्या मांसाचं पाणी ब्रेडमध्ये उतरतं आणि आतलं स्टफिंग मधोमध 74 डिग्रीला पोचेपर्यंत बाहेरची कोंबडी सुकून लाकूड होते. म्हणून आम्ही वेगळ्या भांड्यात केलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडं याला ड्रेसिंग म्हणतात म्हणे.

21 तारखेला रंगीत तालीम केली, आणि ती पार फसली. मी शहाणपणा करून नेहमीचा पाकिटातला सँडविच ब्रेड आणला होता, तो मऊ पण असतो आणि गोड पण. स्टॉक पडला की पाच मिनिटात तुकड्यांचा लगदा, ओव्हनमधून काढलं तर वरून पापडी आणि खाली गोड लापशी. माझा पोट्टा म्हणे बाबा हा अंड्याचा शिरा आहे का. वहिनी बिचारी छान आहे छान आहे करत दोन चमचे खाऊन उठली.

तेव्हा तिनं सांगितलं की दादा, यात सगळा खेळ ब्रेडचाच असतो, ब्रेड कडक सालीचा पाहिजे, बिनगोडाचा पाहिजे आणि कापलेला नको. हे ऐकल्याबरोबर मला भट्टीवाली आठवली कारण लहानपणी आजोबा तिथूनच ब्रेड आणत, आईला तो आवडत नसे कारण चहात बुडवला तरी लवकर विरघळत नाई. म्हटलं हाच पाहिजे मग!

ब्रेडबद्दल बोलायचं तर तक्रारीला जागाच नाई. एक लोफ 60 रुपये, घरी काट्यावर 450 ग्रॅमच्या आसपास भरला. साल जाड, चांगली तांबूस, खालून कुठंकुठं काळी पडलेली (लाकडाची भट्टी आहे, चालतं तेवढं). आतून भोकं बारीक आणि घट्ट, बोटानं दाबला की परत वर येतो, पाकिटातल्या ब्रेडसारखा चिपकून नाई राहत. मीठ कळतं, साखर जवळपास कळतच नाई, आणि किंचित आंबूस वास आहे तो मला तर खूप आवडला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, काउंटरवरचा पोट्टा विचारल्याशिवाय ब्रेड मशीनवर टाकतो. माझा पहिला लोफ मी हो नाई म्हणेपर्यंत कापून पिशवीत गेला होता, तो आम्ही चहासोबत संपवला. स्टफिंगला साधारण पाऊण इंचाचे चौकोनी तुकडे लागतात, त्या पातळ स्लाइसचं काही होत नाई. आल्या आल्या पहिलं वाक्य हेच बोलायचं, भाऊ कापू नका.

आता तक्रार. शुक्रवारी संध्याकाळी 5 ला या, दोन लोफ तयार ठेवतो, असं बेकरीवाल्या काकांनी स्वतः वहीत लिहून घेतलं होतं. 5 ला गेलो, तर म्हणे पाच मिनिट भाऊ, निघूनच राहिले. साडेपाचला पण पाच मिनिट. मग समजलं की ख्रिसमसपासून न्यू इयरपर्यंत केकच्या ऑर्डरी एवढ्या असतात की भट्टीत ब्रेडचा नंबर शेवटी लागतो, ठीक आहे बा, पण मग वहीत लिहिता कशाला आणि फोन नंबर घेता कशाला! मी जरीपटक्याला घरी जाऊन परत आलो, तरी नाई, शेवटी साडेआठला हातात पडले ते पण एवढे गरम की पिशवीत घाम सुटला. गाडी लावायला त्या गल्लीत जागा नाई हे वेगळं. माझ्या मागे एक आजी उभ्या होत्या त्या काकांना म्हणाल्या, तुमचे पाच मिनिट म्हणजे एसटीचे पाच मिनिट आहेत का. काका हसले फक्त.

उशीर झाला तरी नुकसान झालं नाई कारण ब्रेड वाळवायचाच होता. मला वाटायचं शिळा ब्रेड आणि वाळलेला ब्रेड एकच, तसं नाई. पिशवीत बंद राहून ब्रेड शिळा होतो तेव्हा त्यातला स्टार्च घट्ट होतो म्हणून तो कडक लागतो, पाणी मात्र बरंचसं आतच असतं (फ्रिजमध्ये हे अजून लवकर होतं). वाळवला की पाणी बाहेर जातं आणि स्टॉक प्यायला आत जागा होते. आपली डिसेंबरची हवा कोरडी, शनिवारी तुकडे करून रात्रभर परातीत पंचाखाली उघडे ठेवले आणि रविवारी सकाळी ओटीजीत (घरचा विजेचा ओव्हन) 135 डिग्रीवर 40 मिनिटं फिरवले. 900 ग्रॅमचे 640 राहिले, खडखड वाजत होते.

बाकी सामानात सेलरी गोकुळपेठ मार्केटात मिळाली, बारीक दांड्याची आणि वासाला उग्र, म्हणून सांगितल्याच्या अर्धीच टाकली. सेजची बाटली वहिनीनं सोबत आणली होती. आईनं हुंगून पाहिलं आणि म्हणाली हा तुळशीच्या घरातला दिसतो, आणि खरंच सेज आणि तुळस एकाच कुळातले आहेत, मी नंतर वाचलं, आईला सांगितलं तर म्हणे मला कायले सांगतो, मीच तर सांगितलं. पार्सली (कोथिंबिरीसारखा तिकडचा पाला) नव्हती तर आई म्हणाली सांबार टाका. वहिनीनं मोबाइलवर सांबार शोधलं आणि डाळीची वाटी पाहून घाबरली, मग तिला समजावलं की बाई आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. टाकला मूठभर, छान लागला.

प्रमाण पाहिजे असेल तर दोन लोफला 200 ग्रॅम बटर, तीन कांदे, दोन अंडी आणि लिटरभर स्टॉक. स्टॉक एकदम ओतू नका, अर्धा टाकून दहा मिनिटं थांबा मग अंदाजानं बाकीचा. बटर खारट असेल तर मीठ शेवटी चाखूनच. 180 वर फॉइल लावून अर्धा तास, मग फॉइल काढून वीसेक मिनिटं. आमचा ओटीजी छोटा, दोन घाण्यात करावं लागलं.

आणि काय झालं म्हणता! वरून कुरकुरीत, आतून ओलं पण प्रत्येक तुकडा वेगळा दिसत होता, लगदा नाई, चिकट नाई, सालीचे तुकडे तर दाताखाली मस्त चिवट लागत होते. वहिनीनं पहिला घास घेतला आणि बोललीच नाई, सरळ तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि ताट दाखवलं, तिकडे तेव्हा पहाट होती. आईचा निकाल असा की हा फोडणीच्या पोळीचा मावसभाऊ आहे, तिखट कमी पडलं. आपल्या सावजी रश्श्यावर वाढलेल्या जिभेला फिकं लागणारच, मी पण बाजूला ठेचा घेऊन बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

उरलेलं सोमवारी सकाळी आईनं तव्यावर मोहरी, हिंग, हिरवी मिरची घालून परतलं आणि वर लिंबू पिळलं. वहिनी ती रेसिपी लिहून घेऊन गेली.

ब्रेडला पाच, सर्व्हिसला दोन. अगोदर एकूण तीन स्टार देणार होतो, पण जानेवारीत परत गेलो तेव्हा गर्दी नव्हती, काकांनी 11 सांगितलं आणि 11 ला ब्रेड काउंटरवर होता, न कापलेला. म्हणून चार.