बूटचा लोगो काढून टाकला: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

चोपड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दोन जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम आहे. तिसऱ्यावर विंडोज, कारण अंगठ्याचं मशीन त्यावरच चालतं. एप्रिलमध्ये मिंटच्या दोन्ही मशीनवरचा सुरुवातीचा लोगो काढला आणि तेव्हापासून चालू करताना काळ्या स्क्रीनवर मशीन काय करतंय ते सांगणाऱ्या ओळी पळतात.

काढणं सोपं आहे. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम; त्याच्या सेटिंगमध्ये 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. ते पुसायचे, अपडेट-ग्रब ही कमांड चालवायची, झालं. 'स्प्लॅश'मुळे प्लायमाउथ नावाचा प्रोग्रॅम चित्र दाखवतो, 'क्वायट' कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, बडबड दाबतो. हे प्लायमाउथ २००८ मध्ये फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या १० व्या आवृत्तीसोबत आलं, उबंटू या आणखी एका लिनक्सने १०.०४ आवृत्तीत घेतलं, आणि मिंट उबंटूवरच उभं आहे. लोगो काढल्याने मशीन पळायला लागेल ही आशा मात्र सोडा. मला काडीचाही फरक जाणवला नाही.

फायदा कळला तो लाइट जायला लागल्यावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी. चालू कामात मशीन धाडकन बंद पडतं. लाइट आल्यावर चालू केलं की 'रिकव्हरिंग जर्नल' अशी ओळ येते, म्हणजे अर्धवट राहिलेल्या नोंदी डिस्क स्वतः मार्गी लावते आहे. मग 'क्लीन' येतं आणि गाडी पुढे सरकते. लोगोच्या दिवसांत हाच वेळ नुसतं चित्र बघण्यात जायचा. दुकानातला पोरगा कंटाळून बटण दाबून धरायचा आणि दुरुस्ती चालू असतानाच मशीन पुन्हा बंद! आता ओळ दिसते म्हणून तो हात लावत नाही.

दुसरा किस्सा पीक विम्याच्या गर्दीतला. बाहेर सातबारा घेऊन रांग, आणि मशीन अडकलेलं. पोऱ्याने फोनवर वाचून दाखवलं: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', पुढे डिस्कचं नाव आणि दीड मिनिटापर्यंत जाणारे आकडे. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कची वायर निघाली होती. बसवली, काम सुरू. चित्र असतं तर मला घरून दुकानात यावं लागलं असतं. संध्याकाळी कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलीत त्या डिस्कच्या ओळीला 'नोफेल' जोडलं. आता ती नसली तरी मशीन तिच्यासाठी अडून बसत नाही.

एक मात्र सांगतो. स्क्रीनवरची शेवटची ओळ म्हणजेच गुन्हेगार असं धरू नका. मशीन चालू होताना एकेक सेवा सुरू करणारा सिस्टमडी हा प्रोग्रॅम बरीच कामं एकाच वेळी सुरू करतो, त्यामुळे शेवटी छापलेलं काम केव्हाच आटोपलेलं असू शकतं. खरं नाव त्या 'स्टार्ट जॉब'च्या ओळीत मिळतं, नाहीतर नंतर जुन्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडमध्ये.

त्रासही आहेच. गिऱ्हाईक समोर असताना लाल 'फेल्ड' चमकलं की प्रश्न येतोच, "काय व्हयनं भाऊ, कॉम्प्युटर बिघडना का?" बऱ्याचदा ती एखादी बिनमहत्त्वाची सेवा असते, पण लाल रंग बघून माणूस आपलं आधार कार्ड परत मागतो. शिवाय सगळं इंग्रजीत. देवनागरीची जोडाक्षरं त्या काळ्या स्क्रीनवर नीट उमटतच नाहीत, त्यामुळे मराठी ओळींची अपेक्षाही करता येत नाही. आमचा पोऱ्या हिरवं-लाल बघतो आणि लाल आलं की अक्षरं सुटी सुटी वाचून मला फोन करतो. एवढ्यावर भागतं.

घरच्या लॅपटॉपवर मी चित्र परत आणलं. त्याची डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद आहे, आणि ओळी चालू असल्या की पासवर्डची जागा त्या गर्दीत हरवते. चित्रात स्वच्छ चौकट येते. आणि एसएसडी या वेगवान डिस्कवर ओळी इतक्या भरकन जातात की वाचणार कोण?

विंडोजवर हे सुख नाही. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमधल्या 'नो जीयूआय बूट'ने लोगो जातो, पण बदल्यात कामाची माहिती येत नाही, काळोख येतो. विंडोज ९५ मध्ये ढगांच्या चित्रावर एस्केप दाबलं की मागच्या डॉसच्या ओळी दिसायच्या, ते बरं होतं.

मिंटवर एस्केप अजून चालतं, लोगो असताना दाबून बघा. थोडं जास्त बघायचं असेल तर ग्रबच्या मेनूत ई अक्षराचं बटण दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतले ते दोन शब्द खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. पुढच्या वेळी लोगो आपोआप परत येतो.